अंडाशयाचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली की घरच्यांचे दोनच प्रश्न असतात: केमोचं काय होणार, आणि आता किती दिवस? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा सोपं असतं. दुसऱ्याचं तसं नाही, कारण ते गुठळीपेक्षा ती केव्हा झाली यावर जास्त अवलंबून असतं. इथे दिलेले डोस समजून घेण्यासाठी आहेत; औषध सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

गुठळी नेमकी कुठे होते?

बहुतेक वेळा पायाच्या खोल शिरांमध्ये, म्हणजे पोटरी, मांडी किंवा ओटीपोटातल्या मोठ्या शिरेत. वरून दिसणाऱ्या निळ्या, फुगलेल्या शिरा वेगळ्या. धोका आतल्या शिरांचा. तिथली गुठळी सुटली तर रक्तासोबत हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. म्हणून पायातली आणि फुप्फुसातली गुठळी हे दोन आजार न मानता एकाच आजाराची दोन टोकं मानतात, आणि दोन्हींचं औषधही एकच असतं.

केमोसाठी दंडात पिक लाइन (शिरेत घातलेली लांब नळी) किंवा छातीत पोर्ट (कातडीखालची नळी जोडलेली डबी) बसवलेला असेल, तर त्या बाजूच्या हाताच्या शिरेतही गुठळी होते. हात सुजणं, अंगठी किंवा बांगडी अचानक घट्ट होणं ही तिची खूण. नळी नीट चालत असेल आणि लागणार असेल, तर ती काढायची गरज सहसा पडत नाही. नळी तशीच ठेवून किमान ३ महिने औषध देतात.

याच कर्करोगात गुठळ्या इतक्या का होतात?

शिरेत रक्त गोठायला तीन गोष्टी लागतात: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्त गोठण्याकडे झुकणं. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हिर्शो यांच्या नावाने हे त्रिकूट ओळखलं जातं. अंडाशयाच्या कर्करोगात तिन्ही एकदम जमून येतात. ओटीपोटातली मोठी गाठ शिरांवर दाब देते. पोटात पाणी साठलं की रुग्ण दिवसाचा बराच वेळ आडवा असतो. शस्त्रक्रिया लांबलचक असते आणि ओटीपोटातल्या शिरांच्या अगदी शेजारी चालते. भर म्हणजे गाठीच्या पेशी स्वतःच 'टिश्यू फॅक्टर' नावाचं प्रथिन तयार करतात आणि ते रक्त गोठण्याची साखळी सुरू करून देतं.

कर्करोग आणि गुठळी यांचं नातं पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५मध्ये मांडलं. पुढे त्यांच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली, तेव्हा आपल्याला काय झालंय हे त्यांनी ओळखलं. १८६७मध्ये जठराच्या कर्करोगाने ते गेले.

अंडाशयाच्या कर्करोगाचे प्रकारही सारखे नाहीत. 'क्लिअर सेल' प्रकारात गुठळ्यांचं प्रमाण इतर प्रकारांपेक्षा बरंच जास्त आढळतं. हा प्रकार एंडोमेट्रिओसिसशी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराशी) जोडलेला आहे आणि जपानमध्ये तुलनेने जास्त दिसतो. बायोप्सीच्या रिपोर्टवर हा शब्द असेल, तर गुठळी टाळण्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारावं.

आमच्या रुग्णाला धोका किती, हे आधी कळतं का?

अंदाज बांधता येतो. डॉ. आलोक खोराना यांच्या गटाने २००८मध्ये प्रसिद्ध केलेला गुणांक केमो सुरू करण्याआधी काढतात. त्याला लागणारी माहिती साध्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर आणि वजनकाट्यावर मिळते:

- स्त्रीरोगविषयक कर्करोग: १ गुण
- प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त: १
- हिमोग्लोबिन १०पेक्षा कमी, किंवा ते वाढवण्यासाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चालू: १
- पांढऱ्या पेशी ११,०००पेक्षा जास्त: १
- बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन) ३५ किंवा जास्त: १

समजा, प्लेटलेट ४,२०,००० आणि हिमोग्लोबिन ९.४ आहे. आजाराचा १ धरून ३ गुण झाले, म्हणजे जास्त धोका. अंडाशयाच्या कर्करोगात असे आकडे रोज दिसतात. प्लेटलेट 'भरपूर' आहेत म्हणून घरचे खूश होतात. इथे ती खुशीची बाब नव्हे.

२ किंवा जास्त गुण असतील आणि रक्तस्रावाची भीती कमी असेल, तर केमोच्या काळात रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे ॲपिक्सॅबॅन २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा किंवा रिव्हारॉक्सॅबॅन १० मिग्रॅ एकदा, असा प्रतिबंधक डोस देण्याचा विचार करतात. सगळ्यांना सरसकट देत नाहीत. गुणांक कमी आला म्हणजे निर्धास्त व्हायचं असंही नाही: क्लिअर सेल प्रकार, पूर्वी झालेली गुठळी, ओटीपोटातली मोठी गाठ यांपैकी काहीच तो मोजत नाही.

पाय तर पोटातल्या पाण्यामुळेही सुजतात. गुठळीची सूज वेगळी कशी ओळखायची?

पोटातल्या पाण्यामुळे किंवा रक्तातलं प्रथिन कमी झाल्यामुळे येणारी सूज सहसा दोन्ही पायांवर येते, संध्याकाळी वाढते आणि दाबल्यावर खळगा पडतो. गुठळीची सूज बहुधा एकाच पायाला असते. ती एक-दोन दिवसांत येते, पोटरी जड आणि दुखरी होते, त्वचा गरम किंवा लालसर-जांभळट दिसते. डाव्या पायात ती थोडी जास्त आढळते, कारण डाव्या बाजूची मोठी शीर उजव्या धमनीखाली दबलेली असते.

डोळ्यांचा अंदाज चुकतो, म्हणून शिंप्याचा टेप वापरा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून १० सेंमी खाली पेनाने खूण करा आणि त्या पातळीवर पोटरीचा घेर मोजा. दुसऱ्या पायावर तसंच. फरक ३ सेंमीपेक्षा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्यायचा. फरक कमी असला पण पाय दुखत असला, तरी डॉक्टरांना कळवायचंच. टेपमुळे शंका ठरवता येते, निदान नाही.

इथे एक चूक घरोघरी होते. 'शीर आखडली असेल' म्हणत पोटरीला तेल लावून चोळलं जातं. गुठळीची शंका असलेला पाय चोळायचा नाही, मालिश नको, गरम पाण्याच्या पिशवीने दाबून शेकणंही नको.

फुप्फुसात गुठळी गेल्याचं कसं कळतं?

अचानक लागलेली धाप हे मुख्य लक्षण. श्वास आत घेताना छातीत टोचणं, विश्रांतीतही नाडी शंभराच्या वर, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, खोकल्यातून रक्त ही बाकीची. घरी ऑक्सिमीटर असेल तर नेहमीपेक्षा आकडा घसरलेला दिसतो, पण तो नीट दिसला म्हणून गुठळी नाही असं म्हणता येत नाही.

घोटाळा होतो तो दोन गोष्टींमुळे. या आजारात छातीत पाणी होतं आणि केमोमुळे हिमोग्लोबिन उतरतं. दोन्हींमुळे दम लागतो. पण तो दम दिवसागणिक वाढत जातो. काल जिना चढलेली बाई आज संडासापर्यंत जाताना थांबते, तेव्हा पुढच्या ओपीडीची वाट बघू नका. १०८ला फोन करा किंवा सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट घेऊन जा, आणि दारातच सांगा: 'कर्करोगाची रुग्ण आहे, केमो चालू आहे, अचानक दम लागलाय.' या एका वाक्याने तपासण्यांचा क्रम बदलतो.

डी-डायमर वाढलेलं आलं. म्हणजे गुठळी आहेच?

नाही. डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारा अंश; कर्करोगात, शस्त्रक्रियेनंतर आणि संसर्गात तो एरवीही वाढतो. पायासाठी डॉप्लर सोनोग्राफी लागते: तंत्रज्ञ प्रोबने शीर दाबतो, निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. फुप्फुसासाठी धमन्यांचा सीटी, म्हणजे सीटी पल्मनरी अँजिओग्राफी. त्यात डाय देतात, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत ठेवा.

नेहमीच्या सीटीत योगायोगाने गुठळी दिसली, त्रास काहीच नाही. तरी औषध?

हो. कर्करोगात अशी गुठळी त्रास देणाऱ्या गुठळीसारखीच धरतात. अगदी टोकाच्या बारीक शाखेत एकच गुठळी असेल, तर डॉक्टर रक्तस्रावाचा धोका तोलून ठरवतात.

उपचार इंजेक्शनने करायचा की गोळीने?

दोन्ही चालतात. कोणतं, हे रुग्णाच्या पोटाच्या अवस्थेवर ठरतं.

एनॉक्सापॅरिन इंजेक्शनचा उपचाराचा डोस दर किलो वजनाला १ मिग्रॅ, दर १२ तासांनी. ५८ किलो वजनाला साधारण ६० मिग्रॅ, म्हणजे ०.६ मिलीची भरलेली सिरिंज, दिवसातून दोनदा. गुठळी टाळण्याचा डोस मात्र ४० मिग्रॅ दिवसातून एकदा. या दोन डोसांची गल्लत नेहमी होते: शस्त्रक्रियेच्या वेळची ४०ची जुनी चिठ्ठी दुकानात दाखवून तीच इंजेक्शनं आणली जातात आणि गुठळी झालेल्या रुग्णाला निम्म्याहून कमी औषध मिळतं. खोक्यावरचा आकडा वाचा.

पोटातलं ५ लिटर पाणी काढलं की वजनही जवळपास ५ किलोने उतरतं. मग डोस जुनाच ठेवायचा की बदलायचा, हे विचारून घ्या.

या औषधाचा निचरा मूत्रपिंडातून होतो. ओटीपोटातली गाठ दोन्ही मूत्रवाहिन्यांवर दाबली की क्रिएटिनिन वाढतं, इंजेक्शन शरीरात साठतं आणि रक्तस्राव होतो. मूत्रपिंडाची क्षमता, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, ३०च्या खाली असेल तर तोच डोस दिवसातून एकदाच देतात किंवा दुसरं औषध निवडतात.

गोळ्यांमध्ये ॲपिक्सॅबॅन पहिले ७ दिवस १० मिग्रॅ दोनदा, नंतर ५ मिग्रॅ दोनदा. रिव्हारॉक्सॅबॅन पहिले २१ दिवस १५ मिग्रॅ दोनदा, नंतर २० मिग्रॅ एकदा. हे जेवणासोबतच घ्यायचं, उपाशीपोटी घेतलं तर नीट शोषलं जात नाही. इथली चूक तारखेची असते. सुरुवातीचा मोठा डोस कधी संपतो हे कुणी लिहून ठेवत नाही, आणि मोठा डोसच महिनाभर चालू राहतो. सुरू करायच्या दिवशीच कॅलेंडरवर आठव्या किंवा बाविसाव्या दिवसाला गोल करा.

गोळी सोयीची आणि टोचणं वाचवणारी असली, तरी अंडाशयाच्या कर्करोगात ती काही वेळा कुचकामी ठरते. आतड्याला अडथळा आहे, उलट्या थांबत नाहीत, जठराचा किंवा आतड्याचा मोठा भाग काढलाय, अशा वेळी गोळी पोटात जाऊनही रक्तात पोहोचत नाही. गाठ आतड्यात किंवा मूत्राशयात घुसलेली असेल तर गोळीने तिथून रक्त जाऊ शकतं. या सगळ्यांत इंजेक्शन बरं.

वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल या जुन्या गोळ्या स्वस्त आहेत, पण केमो, उलट्या आणि कमी खाणं यांमुळे आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते मोजणारा आकडा) एका आठवड्यात १.४ तर दुसऱ्या आठवड्यात ५ येतो. कर्करोगात त्या शेवटचा पर्याय.

खर्चाचं म्हणाल तर एनॉक्सापॅरिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे किमतीला कमाल मर्यादा असते. गोळ्यांचे जेनेरिक पर्यायही मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर डिस्चार्जनंतरची औषधं त्यात बसतात का, हे आरोग्यमित्राला घरी निघायच्या आधी विचारा, नंतर नाही.

इंजेक्शन घरी कसं द्यायचं?

दोन दिवस नर्सच्या देखरेखीखाली दिलं की बहुतेकांना जमतं. हात साबणाने धुवा. रुग्णाला टेकून किंवा आडवं करा. बेंबीपासून किमान ५ सेंमी, म्हणजे अंदाजे तीन बोटं सोडून पोटाच्या बाजूला जागा निवडा. सकाळी डावी तर संध्याकाळी उजवी. शस्त्रक्रियेचा व्रण, निळा डाग आणि कडक झालेला भाग टाळा. स्पिरिट पूर्ण सुकू द्या, नाहीतर चुणचुणतं.

भरलेल्या सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा दिसतो. पूर्ण डोस द्यायचा असेल तर तो काढायचा नाही. काढायला गेलं की औषधाचे थेंब सांडतात आणि डोस कमी होतो. अंगठा आणि तर्जनीने कातडीची घडी उचला, सुई सरळ, ९० अंशात, पूर्ण आत घाला. दट्ट्या सावकाश दाबा. औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. नंतर चोळू नका, कापूस नुसता धरून ठेवा. चोळल्यामुळेच तळहाताएवढे निळे डाग पडतात.

पोट पाण्याने ताणलेलं असेल तर घडी उचलता येत नाही, आणि टोचलेल्या जागेतून पाणी झिरपत राहतं. तेव्हा मांडीची बाहेरची बाजू वापरा. सिरिंज २५ अंशांच्या खाली ठेवायच्या आणि गोठू द्यायच्या नाहीत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या कपाटावर नकोत, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमवून रुग्णालयात परत द्या.

डोस चुकला तर?

आठवल्याबरोबर घ्यायचा, पण पुढच्या वेळेला दोन एकत्र घ्यायचे नाहीत. फक्त रिव्हारॉक्सॅबॅन १५ मिग्रॅ दोनदा चालू असण्याच्या पहिल्या २१ दिवसांत, त्या दिवसाचे ३० मिग्रॅ पूर्ण व्हावेत म्हणून दोन गोळ्या एकत्र घेता येतात.

गुठळी झाली म्हणून केमो थांबवतात का?

रुग्ण स्थिर असेल तर नाही. उलट गाठ आटोक्यात आल्याशिवाय गुठळीचं मूळ कारण जात नाही, त्यामुळे केमो लांबवणं हाच तोटा. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत देता येतात. केमोसोबत देतात त्या बेव्हॅसिझुमॅब इंजेक्शनचा प्रश्न वेगळा: त्याने धमन्यांत गुठळी आणि रक्तस्राव, दोन्हींचा धोका वाढतो, म्हणून ते द्यायचं की नाही याचा फेरविचार होतो.

खरी अडचण प्लेटलेटची. कार्बोप्लॅटिनने त्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तळाला जातात. ५०,०००च्या वर असतील तर पूर्ण डोस चालू राहतो. २५,००० ते ५०,०००मध्ये डोस साधारण निम्मा किंवा प्रतिबंधक करतात. २५,०००च्या खाली थांबवतात. गुठळी महिनाभराच्या आतली आणि मोठी असेल तर प्लेटलेट चढवून औषध चालू ठेवावं लागतं. केमोनंतरची निरापॅरिब ही कर्करोगाची गोळी सुरू झाली की पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी करतात, आणि याच आकड्यांमुळे तो रिपोर्ट गुठळीचं औषध देणाऱ्यांनाही दाखवायचा असतो. इंजेक्शन सुरू झाल्यापासून ५ ते १० दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर कारण केमो नसून हेपॅरिनची (एनॉक्सापॅरिन त्याच गटातलं) प्रतिक्रिया असू शकते. ती क्वचित होते, पण तातडीची असते.

शस्त्रक्रियेचं वेळापत्रक कसं बदलतं?

निदानाच्या वेळीच फुप्फुसात ताजी गुठळी सापडली तर लगेच मोठी शस्त्रक्रिया करणं धोक्याचं. अशा वेळी बहुधा आधी केमोच्या ३ फेऱ्या, दर २१ दिवसांनी एक, आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम घेतात. तेवढ्या काळात गुठळीलाही औषध लागू पडतं. पहिला महिना सर्वांत धोक्याचा. तो टळला की जोखीम बरीच उतरते.

शस्त्रक्रियेआधी उपचाराच्या इंजेक्शनचा शेवटचा डोस २४ तास आधी. गोळ्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी साधारण दोन दिवस बंद असतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त. शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधक डोस लवकर सुरू होतो, पूर्ण डोस ४८ ते ७२ तासांनी, रक्तस्राव नाही याची खात्री करून. पोटातलं पाणी काढायला जायचं असेल तर त्या सकाळचा डोस घ्यायचा का, हे आदल्या दिवशी विचारा. खुर्चीत बसल्यावर विचारलं तर बहुतेकदा परत पाठवलं जातं.

गुठळी ताजी आहे आणि औषध देताच येत नाही, अशा मोजक्या रुग्णांत पोटातल्या मुख्य शिरेत जाळी बसवतात. ती पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ देत नाही, पण नवी गुठळी होणं थांबवत नाही. काम झालं की काढायची असते, आणि ती काढायचं राहूनच जातं. बसवतानाच काढायची तारीख फाइलवर लिहून मागा.

शस्त्रक्रिया चांगली झाली, चालते-फिरते. तरी २८ दिवस इंजेक्शन कशाला?

कारण शस्त्रक्रियेनंतरच्या बऱ्याच गुठळ्या घरी गेल्यावर होतात. कर्करोगासाठी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली की एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ रोज एकदा, एकूण सुमारे ४ आठवडे, हा मान्य प्रघात आहे. ॲपिक्सॅबॅन २.५ मिग्रॅ दोनदा हा पर्यायही स्त्रीरोग कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर तपासला गेला आहे. रुग्णालयात पिंडऱ्यांना बांधलेली हवेची यंत्रं उपयोगी असतात, पण घरच्या २८ दिवसांची जागा ती घेत नाहीत.

औषध किती दिवस?

गुठळी झाल्यावर किमान ६ महिने. त्यापुढे कर्करोग सक्रिय असेल किंवा केमो चालू असेल तोवर. आजार शांत झाला, सीटी स्वच्छ आला, तर थांबवायचा विचार करता येतो. ६ महिन्यांनंतर ॲपिक्सॅबॅनचा डोस ५वरून २.५ मिग्रॅवर आणला तरी पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण वाढत नाही आणि रक्तस्राव कमी होतो, असं २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पाय उतरला म्हणून स्वतःहून बंद करणं हे पुन्हा भरती होण्याचं नेहमीचं कारण आहे.

खाण्यात काय टाळायचं? काढे, हळदीच्या कॅप्सूल?

इंजेक्शन किंवा नव्या गोळ्या चालू असतील तर मेथी, पालक, अळू काहीही वर्ज्य नाही. पालेभाज्यांचं पथ्य वॉर्फरिन-ॲसिनोकुमॅरॉलचं. तिथेही बंद करायच्या नसतात, रोज सारख्याच प्रमाणात खायच्या. जेवणातली हळद-लसूण चालते. त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल आणि काय आहे ते न सांगणाऱ्या पुड्या नकोत.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. मेडिकलवाला अंगदुखीला देतो त्या जोडगोळीत यांपैकी एक असतंच. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सचं फेनिटॉइन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम कमी करतात, बुरशीवरचं इट्राकोनॅझोल वाढवतं.

काळी शी, लघवीतून रक्त, १० मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, किंवा डोक्याला मार लागणं: त्याच दिवशी रुग्णालय, मार लागल्यावर रुग्ण बरा वाटत असला तरी.

गावाहून केमोसाठी रात्रभर बसने यावं लागतं. धोका वाढतो?

सलग ४ तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की वाढतो. शक्य असेल तर रेल्वेची खालची बर्थ घ्या. बसने यावं लागलं तर कडेची सीट. दर तासाला पाऊल वर-खाली २० वेळा, आणि गाडी थांबेल तिथे उतरून चार पावलं. वाटेत लघवीला जावं लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. त्याने रक्त घट्ट होतं आणि केमोच्या दिवशी शीरही सापडत नाही. औषध चालू असेल तर दोन दिवसांचा जादा साठा हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

गुठळी झाली म्हणजे आयुष्य कमी झालं का?

गुठळी झालेल्या रुग्णांचं आयुर्मान सरासरीने कमी भरतं, हे खरं आहे. पण त्या सरासरीत वेगवेगळ्या बायका एकत्र मोजलेल्या असतात.

कॅलिफोर्नियाच्या कर्करोग नोंदींवरच्या २००७च्या अभ्यासात, निदानानंतर दोन वर्षांत सुमारे ५ टक्के रुग्णांना त्रास देणारी गुठळी झाली आणि त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. इतर रुग्णालयांच्या अभ्यासांत गुठळीचं प्रमाण याच्या कितीतरी पट सापडलं आहे, कारण जितकं शोधाल तितकं सापडतं. मुद्दा वेळेचा आहे. उपचार सुरू होण्याआधीच गुठळी झालेल्या रुग्णांत परिणाम वाईट दिसतो. तिथे गुठळी बहुधा खूण असते: गाठ मोठी आहे, पोटात पाणी आहे, किंवा प्रकार आक्रमक आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत झालेली गुठळी मात्र बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेची देणगी असते, आणि तिचा दीर्घकालीन आयुष्याशी संबंध तितका पक्का दिसत नाही. मधल्या काळात, केमो चालू असताना किंवा आजार उलटताना झालेली गुठळी दिसली तर आजार वाढतोय का हे सीटी आणि सीए-१२५ या रक्ततपासणीने बघतात.

गुठळीने आयुष्य कमी होण्याचे मार्ग मोजके: फुप्फुसातली मोठी गुठळी थेट जीव घेते, औषधाने रक्तस्राव होतो, शस्त्रक्रिया किंवा केमो लांबते. हे तिन्ही बऱ्याच अंशी टाळता येतात. गाठीचा स्वभाव बदलता येत नाही, आणि त्याचं बिल गुठळीच्या नावावर फाडलं जातं.

मग पुढचं भवितव्य कशावर ठरतं? आजाराच्या टप्प्यावर, आणि शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना दिसणारी गाठ उरली की नाही यावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत अंडाशयापुरता मर्यादित असताना सापडलेल्या आजारात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे, शेजारच्या भागात पसरलेल्यात सुमारे ७०, दूर पसरलेल्यात सुमारे ३०. बहुसंख्य निदान तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात होतं, म्हणून एकूण आकडा निम्म्याच्या आसपास येतो. प्लॅटिनमच्या (कार्बोप्लॅटिनसारख्या) केमोनंतर आजार ६ महिन्यांच्या आत उलटला की नंतर, याने पुढचा बराच रस्ता ठरतो. बीआरसीए या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकाचा बदल आहे का, हे तर प्रत्येकीने तपासून घ्यावं: असा बदल असलेल्या आणि पहिल्या केमोला प्रतिसाद दिलेल्या, पसरलेल्या आजाराच्या रुग्णांत ओलापॅरिब ही गोळी दिलेल्यांपैकी ७ वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या, न दिलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के. डॉक्टरांना 'किती दिवस?' असं विचारलं की उत्तर गोलगोल येतं. 'कोणता टप्पा, गाठ किती उरली, बीआरसीए काय आला, आणि गुठळीमुळे आपलं वेळापत्रक किती सरकलं?' असं विचारलं तर उत्तर मिळतं.

रक्त पातळ करणारी औषधं कर्करोगालाही रोखतात का?

तशी आशा होती. चाचण्यांत गुठळ्या कमी झाल्या, पण केवळ या औषधांनी आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही.

औषध चालू असतानाच पुन्हा गुठळी झाली. आता?

आधी औषध खरंच पोटात आणि अंगात जात होतं का ते बघा: डोस चुकले, उलट्या झाल्या, रिव्हारॉक्सॅबॅन उपाशीपोटी घेतलं, ४०ची सिरिंज ६०च्या जागी आली. कारण सापडलं नाही तर गोळीवरून इंजेक्शनवर नेतात. इंजेक्शनच चालू असेल तर डोस २० ते २५ टक्क्यांनी वाढवतात. आणि आजार वाढलाय का, हे तपासतात.

गुठळी आधी सापडली आणि कर्करोग नंतर. असं होतं?

होतं. पाळी गेलेल्या बाईला काही कारण नसताना पायात गुठळी झाली, आणि दोन महिन्यांपासून पोट फुगतंय, चार घासांत भरतंय, 'गॅस'ची औषधं चालू आहेत, तर पायाच्या डॉप्लरसोबत ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्यायला हवी. क्वचित सुरुवात अर्धांगवायूनेही होते, विशेषतः क्लिअर सेल प्रकारात. मेंदूत एकाच वेळी अनेक ठिकाणी छोटे घात दिसले की न्यूरॉलॉजिस्टच्या मनात कर्करोगाची शंका यायला हवी.

उपचार थांबवलेत, आता फक्त त्रास कमी करायचाय. इंजेक्शनं चालू ठेवायची का?

शेवटच्या आठवड्यांत बऱ्याचदा थांबवतात. रोज दोनदा टोचणं, निळं पडलेलं पोट आणि रक्तस्रावाची भीती हे सगळं गुठळी टाळण्याच्या फायद्याहून जड होतं. पण पाय सुजून ठणकत असेल आणि औषधाने आराम पडत असेल, तर तेच औषध दुखण्यावरचं औषध ठरतं. ते चालू ठेवतात, कधी दोनदाचं एकदा करून. औषध बंद केलं आणि दम लागला, तर मॉर्फिनचा छोटा डोस, डोक्याकडून उचललेला पलंग आणि चेहऱ्यावर पंख्याचा वारा याने बराच फरक पडतो. मॉर्फिन कुठून मिळेल आणि रात्री कुणाला फोन करायचा, हे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.